पाव इंचाची थकबाकी

अमेरिकेतल्या गोधडीवाल्यांना भूक फार लागत असावी. अडीच इंची कापडी पट्ट्यांच्या गुंडाळीला ते जेली रोल म्हणतात, दीड इंची पट्ट्यांना हनी बन आणि दहा इंची चौकोनांच्या चळतीला लेयर केक. आमच्या घरी आला तो या खानदानातला लहान भाऊ, चार्म पॅक. पाच इंच बाय पाच इंचाचे ४२ सुती चौकोन, प्रत्येकावर वेगळी फुलंपानं, चारी कडांना बारीक करवती दाते आणि वरून एक फीत.

मुलगी न्यू जर्सीहून सुट्टीला आली तेव्हा तिनं तो आईसाठी आणला. बायकोनं फीत सोडली, चौकोन उलटेपालटे करून पाहिले, फीत पुन्हा बांधली आणि विचारलं, "आयत्या चिंध्या? विकत?"

मुलीनं किंमत डॉलरमध्ये सांगितली. बायकोनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि गठ्ठा कपाटात पैठणीशेजारी ठेवून दिला. एवढ्या भावाच्या चिंध्यांची जागा तीच, असं तिचं मत पडलं.

तो तिथंच राहिला असता, तर पुढच्या सगळ्या गोष्टी टळल्या असत्या. पण पुतण्याला मुलगी झाली, बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं आणि "बाळाला काय द्यायचं" यावर घरात चर्चा सुरू झाली. चांदीचा वाळा, चांदीची वाटी, पाकीट असे नेहमीचे प्रस्ताव मांडले गेले. मी म्हणालो, "आपण दुपटं देऊ. मी शिवतो."

"तुम्हाला बटण लावता येतं का?" बायकोनं विचारलं.

"बटणाचा इथं काय संबंध?" मी म्हणालो. हयातभर बँकेत काढलेल्या माणसाला प्रश्नाला प्रश्नानं उत्तर द्यायची सवय असते.

माझी विचारसरणी सरळ होती. गोधडीत अवघड काय, तर कापणं. पूर्वी अमेरिकेतल्या बाया पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवून, पेन्सिलीनं आखून, कात्रीनं एकेक तुकडा कापायच्या. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीनं फिरत्या गोल पात्याची सुरी आणली आणि पट्टी लावून एका दमात चार-सहा थर कापता यायला लागले. इथं तर तेही कष्ट नाहीत, चौकोन कापून, मोजून, बांधून हातात. म्हणजे नव्वद टक्के काम कारखान्यानंच केलेलं. उरलं फक्त जोडणं, आणि जोडणं म्हणजे बेरीज. बेरजेत मला कोण हरवणार?

मुलीनं जाता जाता नवशिक्यांसाठी तीन-चार तऱ्हा दाखवून ठेवल्या होत्या. सगळ्यात सोपी म्हणजे चौकोन नुसते ओळीनं जोडत जायचे. दुसरी, चौकोनांच्या मध्ये एकरंगी पट्ट्या घालायच्या, म्हणजे दुपटंही मोठं होतं आणि टोकाला टोक जुळवायची कटकटही कमी. तिसरी, नऊ चौकोनांचा एक मोठा चौक शिवायचा, तो उभा-आडवा मधोमध कापायचा आणि चारी तुकडे फिरवून पुन्हा जोडायचे. शिवलेलं कापायचं, ही कल्पना मला पटली नाही. मी पहिली तऱ्हा निवडली आणि कागद घेऊन बसलो.

हा टप्पा माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम होता. ४२ चौकोन, म्हणजे सहाच्या सात ओळी. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं पाव-पाव इंच जाणार, म्हणजे पाच इंचाचा चौकोन साडेचार इंचाचा उरणार. तयार माप २७ बाय साडेएकतीस इंच, बाळाला पुरून उरेल. ओळीत पाच शिवणी, सात ओळींच्या ३५, ओळी एकमेकींना जोडायच्या सहा, एकूण ४१. लांबी काढली तर टीप मारायची फक्त ३४० इंच. मी बायकोला सांगितलं, "सगळं मिळून एका नऊवारीच्या लांबीपेक्षा अवघं १६ इंच जास्त. संध्याकाळपर्यंत होईल."

"कुठल्या संध्याकाळपर्यंत?" ती म्हणाली.

रंगांची मांडणी मी संगणकावर केली. निळ्याशेजारी निळा नाही, फुलाशेजारी फूल नाही, मोठ्या नक्षीशेजारी मोठी नक्षी नाही, अशा अटी घातल्या. त्या सगळ्या पाळणारी मांडणी मिळेपर्यंत दुपारचा चहा निवला. मग पलंगावर पांढरी चादर अंथरून तक्त्याबरहुकूम ४२ चौकोन लावले. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, फोटो काढायला चष्मा आणायला गेलो. एप्रिल महिना. कामाच्या बाई फरशी पुसायला आल्या आणि त्यांनी, कोणीही करील तेच केलं, पंखा लावला.

पाचवर.

एक चौकोन अजून माळ्यावर असावा असा माझा संशय होता, पण तो शेवटी पंख्याच्याच पात्यावर सापडला. मी तक्ता शोधेपर्यंत बायकोनं गोळा केलेले चौकोन हाताला येतील तसे पलंगावर टाकले, दोन-चारांच्या जागा बदलल्या आणि म्हणाली, "हे बघा." निळ्याशेजारी निळा होता, फुलाशेजारी फूल होतं आणि दिसत होतं माझ्यापेक्षा चांगलं. मी तिला अटी वाचून दाखवल्या. ती स्वयंपाकघरात गेली.

मशीन तिच्या लग्नातलं, काळं, पायानं चालवायचं. पायमशीनचं चाक सुरुवातीला हातानं आपल्याकडे फिरवून गती द्यावी लागते आणि त्याच लयीत पाय मारावे लागतात. जरा कचरलात की चाक उलटं फिरतं, दोरा गुंततो आणि तटकन तुटतो. मी जरा कचरत नव्हतो, नेमानं कचरत होतो. पहिल्या शिवणीला दोरा तुटला की वाकून बॉबिन पाहायची, सुईत दोरा ओवायचा, चष्मा वर करायचा, चष्मा खाली करायचा, पुन्हा पाय. खालच्या मजल्यावरचे शेजारी विचारून गेले की पिठाची गिरणी घेतलीत का.

पण दोरा तुटणं हे दुखणं साधं होतं. खरा रोग पाव इंच.

आपला शिंपी ब्लाउजला चांगली दीड-दोन इंच माया सोडतो, पुढेमागे अंग सुटलं तर कामाला येते. या शास्त्रात माया पाव इंच, जास्त नाही, कमी नाही. पहिल्याच शिवणीत दोऱ्याएवढा फरक पडला तर कोणाला दिसत नाही. तो ओळीच्या शेवटी पाच शिवणींचा मिळून दिसतो, आणि ओळ ओळीला जोडताना तर चौकाचौकात उभा राहून दिसतो. सुईखालच्या पायाची कड सुईपासून नेमकी पाव इंचावर असेल असं मशीनवाल्यानं कुठंही लिहून दिलेलं नसतं. परदेशात त्यासाठी वेगळा पाय मिळतो. मी पट्टीनं मोजून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि चौकोनाची कड त्याला टेकवून शिवायला लागलो. युक्ती चांगली होती. अजूनही म्हणतो, चांगली होती.

पण कड म्हणजे नक्की कुठली? दोरे निघू नयेत म्हणून कारखान्यात या चौकोनांना करवती दाते पाडलेले असतात. त्यामुळे प्रत्येक चौकोनाला दोन कडा, एक दात्यांच्या टोकांची आणि एक खाचांची. पाच इंच कुठल्या कडेपासून भरतात हे आधी मोजून पाहायचं आणि मग एकच कड धरून चालायचं, एवढं साधं पथ्य असतं. माझ्या चौकोनांवर टोक आणि खाच यांत एक अष्टमांश इंच अंतर होतं. पहिल्या तीन ओळी मी टोकं टेकवून शिवल्या. मग रात्री, उजेड कमी म्हणून जवळ वाकून पाहताना, खाच ही जास्त भरवशाची वाटली. उरलेल्या चार ओळी खाचांवर.

हिशेब करून पाहा. एका शिवणीत दोन चौकोन, दोघांचा एक-एक अष्टमांश, म्हणजे शिवणीला पाव इंच. ओळीत शिवणी पाच. चार ओळी तीन ओळींपेक्षा सव्वा इंचानं आखूड भरल्या. बँकेत सव्वा रुपया कमी भरला तर रात्री नऊपर्यंत शाखा बंद होऊ न देणारा मी, सव्वा इंचाची तूट हातात घेऊन बसलो होतो.

"उसवा," बायको म्हणाली.

हातशिलाई उसवायला काही वाटत नाही. मशीनचा बारीक टाका, त्यात मी प्रत्येक शिवण भक्कम व्हावी म्हणून दोनदा मारलेली. मी दुसरा मार्ग काढला. इस्त्रीची वाफ सोडायची आणि आखूड ओळ ओढून लांब करायची. जाणकार सांगतात की जोडलेल्या तुकड्यांवर इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. फिरवली की कापड ताणलं जातं. मला तर तेच हवं होतं. ओळी ताणल्या गेल्या, सव्वा इंचातला पाऊण वसूल झाला, फक्त ओळींचा आकार धनुष्याचा झाला. शिवाय शेजारच्या ओळींमधल्या शिवणी उलटसुलट दिशांना पाडायच्या असतात, म्हणजे त्या चौकात एकमेकींना अडकून बसतात. मी सगळ्या शिवणी शिस्तीनं उजवीकडे पाडल्या. आतले चौक ३०. त्या तिसांवर तीस टेंगळं आली.

आणि या परिस्थितीत मला शोभेची हौस सुचली. एका प्रदर्शनात मी कवंदी पाहिली होती, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बाया शिवतात ती. तिच्या चारी कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं असतात, ती लावल्याशिवाय कवंदी उघडी समजतात. आपल्याही कोपऱ्यांत त्रिकोण हवेत असं मला वाटलं. जोडलेले चारी कोपरे मी उसवले. होय, यासाठी उसवले. दोन-दोन चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवले, तिरपी रेघ मारली, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारली आणि रेघेवर कापलं. जोडीतून दोन, असे चार दुरंगी चौकोन तयार झाले. देखणे होते. फक्त पाचाऐवजी चार पूर्णांक पाच अष्टमांश इंचाचे होते, कारण तिरप्या शिवणीनंही आपली माया खाल्लेली. त्यात ती तिरपी कड उरेब, हात लावला की सैलावणारी. चारी कोपरे आत ओढले गेले आणि मधला भाग बाहेर आला. जमिनीवर पसरलं की सपाट बसेना.

याच सुमारास साताऱ्याकडची माझी आत्या दवाखान्याच्या कामासाठी आमच्याकडे राहायला आली. आत्यानं आयुष्यात गोधड्या किती शिवल्या याची मोजदाद तिच्याकडेही नाही. तिनं माझा तो कापडाचा प्रकार हातात घेतला, उलटा केला, शिवणींवरून अंगठा फिरवला.

"आरं, हे आधी जोडलंस कशाला?"

"म्हणजे?"

"जोडायचं न्हाई. लुगडी आंथरायची, कडंनं लांब टाकं घालायचं, आन् वरनं तुकडं ठिवत जायचं."

मग तिनं सांगितलं ते असं. जुनी मऊ लुगडी धुऊन एकावर एक पसरायची. वरचा तुकडा ठेवायचा, त्याची कड नखानं आत मुडपायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढं सरकायचं. काठापासून निघायचं, चौकोनी फेरे घेत घेत मध्यात यायचं. तुकडा धरतो तोही टाका तोच, थर धरतो तोही तोच, आणि नक्षी दिसते तीही त्याचीच. तुकडा मोठा असेल तर जास्त मुडपायचा, लहान असेल तर कमी. प्रदर्शनात मी ज्या कवंदीच्या कोपऱ्यांवर भाळलो होतो, तीही याच रीतीनं शिवतात, हे तिथल्या पाटीवर लिहिलं होतं. मी पाटीचा फोटो काढला होता, वाचली नव्हती.

"पण मग मोजायचं केव्हा?" मी विचारलं.

"मोजायचं कशाला? पाय उघडं पडलं की कळतंय की."

मला हे शास्त्रीय वाटलं नाही. माझं जोडकाम झालेलं होतं, आता आत थर भरायचा होता. मुलीनं फोनवर वाडिंग सुचवलं होतं. मी बोहरी आळीत जाऊन पाहूनही आलो, पण पॉलिएस्टरचा तो फुगीर थर पुण्याच्या एप्रिलमध्ये बाळाला उकडून काढील, हे बायकोचं म्हणणं खरं होतं. तिनं जुनी सुती साडी दिली, ती घडी घालून मध्ये, दुसरी साडी खाली, वर माझी कलाकुसर. तिन्ही थर पिना लावून पक्के केले. मशीनवर थर शिवताना मध्यापासून बाहेरच्या अंगाला जायचं असतं, म्हणजे वरचं जास्तीचं कापड सरकत सरकत कडेला निघून जातं. मी पाहिलेल्या व्हिडिओतल्या बाईंनी हे तीनदा बजावलं होतं. मी मध्यापासून सुरुवात केली, चांगले आठ-दहा चौकोन शिवले, जेवलो आणि वामकुक्षीला गेलो.

आत्याला दुपारी झोप येत नाही.

उठलो तेव्हा ती दुपटं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या पिना बशीत काढून ठेवलेल्या. काठापासून सुरू करून एकसारख्या बारीक टाक्यांचे फेरे घेत ती आत आत आली होती. मदत म्हणूनच. तिच्या रीतीत जास्तीचं कापड आत सरकतं आणि शेवटी मध्यात जिरतं. माझ्या रीतीत ते बाहेर सरकतं आणि कडेला जिरतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पण कापड एकच होतं. माझ्याकडून बाहेर निघालेलं आणि तिच्याकडून आत आलेलं असं सगळं जास्तीचं कापड वाटेत गाठ पडून उभं राहिलं होतं. मध्ये माझं सपाट मैदान, कडेनं तिचं सपाट मैदान आणि दोन्हींच्या मध्ये सगळीकडून बोटभर उंचीची तटबंदी, सिंहगडाला असते तशी.

"मला वाटलं, तू मधी नक्षी काढलीयास," आत्या म्हणाली.

बायको बघायला आली आणि काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार बोलते.

बारसं परवावर आलं होतं. आत्यानं कात्री मागितली. तटबंदीला चार बाजूंनी चिरा दिल्या, वर आलेलं कापड एकावर एक दडपलं, बारीक टाक्यांनी सांधलं आणि म्हणाली, "आता ठिगळं दे." पॅकमधले ४२ चे ४२ संपलेले. अशा पॅकमध्ये एकही चौकोन वरकड नसतो. कपाट धुंडाळलं. बायकोच्या साड्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. निघाला तो माझा बँकेतला शर्ट, आकाशी, बारीक निळ्या रेघांचा, टेरिकॉटचा. आत्यानं तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "ह्याला मरण न्हाई," म्हणाली आणि तळहाताएवढी चार ठिगळं कापून चिरांवर बसवली, चारी बाजूंनी धावदोरा घालून. मी इस्त्री करतो म्हणालो. सुतीच्या आकड्यावर इस्त्री एका ठिगळाला लागली आणि तिथं कायमची चकाकी आली. मग इस्त्री माझ्या हातातून काढून घेण्यात आली.

बारशाला दुपट्याचं कौतुक झालं. बाया ते हातात घेऊन उलटं करायच्या, कडेचे टाके पाहायच्या आणि म्हणायच्या, "हे कोणी शिवलं?" मी पुढे होऊन चार्म पॅक, पाव इंच, शिवणी पाडण्याच्या दिशा हे समजावून सांगायला लागलो की त्या आत्याकडे सरकायच्या. एकीनं तर मला पेढ्यांचं तबक धरायला दिलं. बाळाला दुपट्यावर ठेवलं. तिनं दुपट्याचं जे करायचं असतं ते पाळण्याचं गाणं संपायच्या आत केलं.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपटं धुतलं गेलं. हे कापलेले चौकोन आधी धुऊन घेत नाहीत, त्यांचे दोरे सुटतात. म्हणून शिवून झाल्यावरच्या पहिल्या धुण्यात सगळं सुती कापड आक्रसतं आणि गोधडीला बारीक चुण्या पडतात. या चुण्यांत वाकड्या ओळी, न जुळलेले चौक, सव्वा इंचाची तूट, ओढलेले कोपरे असं सगळं मुरून गेलं. दुपटं मऊ आणि देखणं झालं, मला न विचारता. आक्रसला नाही तो फक्त माझा शर्ट. टेरिकॉट आपल्या मापावर ठाम राहिलं, भोवतालचं कापड आत आलं, आणि चारी ठिगळं चांगली फुगून वर आली.

पुतण्याच्या बायकोचा फोन आला. "काका, ते चार खिसे आहेत ना? सगळ्यांनाच वरून तोंड ठेवायचं राहिलंय वाटतं."

"हो," मी म्हणालो, "ते तुम्ही तुमच्या सोयीनं उघडायचे."

तिनं दोन ठिगळांची वरची बाजू उसवली. एकात आता टोपरं असतं, एकात लाळेरं. फिरायला नेताना फार सोयीचं पडतं म्हणे. तिच्या मैत्रिणीलाही खिशांचंच दुपटं हवंय, आणि खिसे आकाशीच हवेत. आत्या म्हणते, तुकडे ती बघेल, मी फक्त शर्टाचं बघावं. माझा तर एकच होता. म्हणून शाखेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. दोघांनी कशाला हवेत म्हणून विचारलं आणि सांगितल्यावर विषय बदलला. तिसऱ्यानं काहीही न विचारता पाच शर्ट पाठवून दिले, इस्त्री करून, सोबत दोन पँटी.